फझ कुठला घ्यायचा हे तुमचा ॲम्प ठरवतो

फझ, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पायानं चालू-बंद करायचं पेडल, घ्यायचाय, दोन-तीन नावं मनात आहेत, त्यातला कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) कुठला आहे? ओव्हरड्राइव्ह (आवाज हलकासा फोडणारं) पेडल कशालाही लावलं तरी बऱ्यापैकी ओळखू येतं. फझचं तसं नाही. तो गिटारच्या लहरीचे शेंडे आणि तळ छाटून तिला जवळजवळ चौकोनी करतो. त्यातून हार्मोनिक्सचा (मूळ स्वरासोबतच्या उपस्वरांचा) मोठा पसारा तयार होतो. त्या पसाऱ्यातलं काय कानावर येणार आणि काय गळून जाणार, हे पुढे बसलेला ॲम्प, त्याचा स्पीकर आणि रेकॉर्डिंग असेल तर माइक ठरवतो. म्हणून व्हिडिओत ऐकलेला फझ घरी आणल्यावर परका वाटतो. पेडल तेच असतं, पण पुढची साखळी वेगळी असते.

तुलनेसाठी तीन फझ घेतो. पहिला जर्मेनियम फझ फेस. लंडनच्या आर्बिटरनं १९६६ साली तो बाजारात आणला, माइक स्टँडच्या बैठकीसारख्या गोल डब्यात, आत फक्त दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. दुसरा त्याचाच सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा पुढचा अवतार. तिसरा बिग मफ, न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा, १९६९ पासूनचा. यांच्या धर्तीवर आज शेकड्यांनी पेडल निघतात. डब्यावरचं नाव काहीही असलं तरी आतलं सर्किट बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाच्या घराण्यातलं असतं.

मार्शलसमोर

जर्मेनियम फझ फेसचं खरं घर हेच. मार्शलचा जुना जेटीएम ४५ किंवा सुपर लीड घ्यायचा आणि त्याचा व्हॉल्यूम इतका उघडायचा की जोरात मारलं तर आवाज फुटेल आणि हळू वाजवलं तर स्वच्छ राहील. अशा ॲम्पच्या ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आधीच लहर दाबत असतात, त्यामुळे फझच्या धारदार कडा गोल होतात. चार बारा-इंची स्पीकरांची मागून बंद कॅबिनेट साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकते आणि खालचा भाग भरून काढते. जो सूर उरतो तो जाड असतो, पण त्यातला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो.

आता करंगळीनं गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणा. फझ विरघळतो आणि काचेसारखा स्वच्छ, किंचित चमकणारा आवाज राहतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पेडल चुकून बंद झालं की काय म्हणून खाली वाकून पाहिलं होतं. सगळं गाणं पेडलवर पाय न ठेवता एका नॉबवर वाजवता येतं, आणि माझ्या मते जर्मेनियमवर जास्तीचे पैसे घालण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. एक पथ्य मात्र पाळायचं. फझ फेस थेट गिटारला चिकटून हवा. त्याचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला केलेला विरोध) फारच कमी असल्यामुळे तो पिकअपला (तारांची कंपनं पकडणाऱ्या गिटारवरच्या चुंबकाला) आपल्या सर्किटचाच भाग करून घेतो. मध्ये बफर (गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं ठेवणारा टप्पा) असलेला ट्यूनर किंवा वायरलेस आला की ही जादू जाते आणि आवाज कर्कश होतो.

सिलिकॉन फझ फेस इथे जास्त तिखट आणि जास्त गेनचा, म्हणजे जास्त फाटलेला, वाजतो. लांब टिकणारे सोलो वाजवणाऱ्याला तोच आवडेल. फक्त ॲम्पचा ब्राइट (तीव्र सूर वाढवणारा) चॅनेल सोडून नॉर्मलमध्ये लावा. बिग मफ मात्र फुटायला आलेल्या मार्शलला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो स्वतःच दोन टप्प्यांत डायोडनं लहर कापतो. वर ॲम्पही कापायला लागला की जाड कॉर्डचा चिखल होतो.

फेंडरसमोर

सगळ्यात जास्त निराशा मी इथे पाहिली आहे. फेंडरचा जुना ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा. कान दुखायला लागले तरी तो स्वच्छच राहतो. म्हणजे फझच्या कडा गोल करणारं पुढे कुणीच नाही. मागून उघडी कॅबिनेट, चमकदार स्पीकर, त्यात ब्राइट स्विच चालू राहिला तर जर्मेनियमसुद्धा टोचतो आणि सिलिकॉन तर सुरी होतो. ट्विनवर फझ फेस वाजवायचाच असेल तर ब्राइट बंद करा, ट्रेबल ३ पर्यंत उतरवा, आणि गिटारचा व्हॉल्यूम ८ च्या वर नेऊ नका.

२२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब पुष्कळ समजूतदार. ५-६ वर गेला की तोही दाबायला लागतो. त्याच्या व्हायब्रॅटो चॅनेलमध्ये एक छोटा ब्राइट कपॅसिटर कायमचा जोडलेला असतो, नॉर्मल चॅनेलमध्ये तो नसतो. रिव्हर्ब सोडावा लागला तरी चालेल, पण फझ नॉर्मल चॅनेलमध्येच लावा. एवढ्या एका बदलानं, घेतलेलं पेडल विकायचा विचार सोडून दिलेले लोक मला माहीत आहेत.

बिग मफचं गणित उलटं आहे. त्याला स्वच्छ, दणकट ॲम्पच हवा असतो. आवाजाचा दाब, टिकाव, सगळं तो स्वतः घेऊन येतो. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मूर यांनी तो हायवॉटच्या १०० वॉटच्या स्वच्छ ॲम्पसमोर वापरला, तो याच कारणानं इतका मोठा वाटतो. फेंडरपाशी मात्र एक खोट आहे. बिग मफचा टोन नॉब मधोमध ठेवला की १ किलोहर्ट्झच्या आसपास, मधल्या सुरांत, खड्डा पडतो, आणि फेंडरच्या टोन सर्किटचा स्वतःचा खड्डा त्याच्या थोडा खाली असतो. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज डोंगराएवढा वाटतो, आणि ड्रम-बास सुरू झाले की गिटार चक्क नाहीशी होते. ट्विनला मिडल नॉब आहे, तो ८ च्या वर न्या. डिलक्स रिव्हर्बला तो नॉबच नाही. म्हणून डिलक्सवाल्यांनी मिड (मधले सूर) वाढवता येणारा बिग मफचा एखादा आधुनिक प्रकार शोधावा.

व्हॉक्स एसी ३० बद्दल थोडक्यात. तिन्ही फझ त्यावर चालतात, नॉर्मल चॅनेलमध्ये. वरची किरकिर त्याच्या कट नॉबनं जितकी सुरेख काढता येते तितकी दुसऱ्या कुठल्या जुन्या ॲम्पवर येत नाही. ॲम्प अजून घ्यायचाय आणि फझचं वेड आहे, अशाला मी हाच सुचवेन.

स्टुडिओत

फझचा जन्मच मुळी रेकॉर्डिंगच्या टेबलावर झाला. १९६१ च्या अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्यात गिटारवादक ग्रेडी मार्टिन यांचा बास गिटारचा तुकडा नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या बिघडलेल्या चॅनेलमधून गेला आणि फाटून आला. इंजिनिअर ग्लेन स्नोडी यांनी तो आवाज ट्रान्झिस्टर वापरून पुन्हा उभा केला आणि गिब्सनकडे नेला. १९६२ साली तो मेस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला आला. पुढे १९६८ साली बीटल्सनं ‘रेव्होल्यूशन’ करताना गिटार ॲम्पला न लावता थेट स्टुडिओच्या मिक्सिंग कन्सोलला जोडल्या आणि त्याचे ट्यूब प्रीॲम्प ओव्हरलोड केले. त्या आवाजात स्पीकर नाही, म्हणून तो पत्रा फाडल्यासारखा येतो. तसाच हवा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी फझ सरळ इंटरफेसला (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डब्याला) जोडला की डब्यात कोंडलेला भुंगा ऐकू येतो. किमान स्पीकरची इम्पल्स (त्याच्या आवाजाचा डिजिटल ठसा) तरी मध्ये हवीच.

खरा ॲम्प माइकनं घेत असाल तर एसएम ५७ हा माइक कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. त्याचा उठाव ५-६ किलोहर्ट्झला, नेमका फझच्या किरकिरीवर बसतो. स्पीकरच्या मधल्या टोपीवरून तो चार-पाच सेंटिमीटर कडेला सरकवा, मग इक्वलायझरला हात लावा. रिबन माइक मिळत असेल तर सिलिकॉन फझसाठी तोच घ्या. नीव्ह १०७३ सारखा ट्रान्सफॉर्मर असलेला प्रीॲम्प थोडा ढकलला की खालचा भाग घट्ट होतो आणि कडा मऊ पडतात. कॉम्प्रेसरची गरज जवळजवळ नसते. लहर आधीच दाबलेली आहे, तो फक्त दोन ओळींमधली खरखर वर आणतो.

आणखी एक, जे मला उशिरा कळलं. आता साधी गिटार रेकॉर्ड करू, फझ नंतर रीॲम्प करून (तेच रेकॉर्डिंग पुन्हा पेडल आणि ॲम्पमधून काढून) घेऊ, हा बेत फझ फेसच्या बाबतीत फसतो. नंतर त्याच्यासमोर पिकअप नसतो, रीॲम्पचा डबा असतो, आणि व्हॉल्यूम नॉबची ती सगळी नजाकत हरवते. फझ फेस वाजवतानाच रेकॉर्ड करा. बिग मफ इतका रुसत नाही.

आपल्या हवेत

जुना अमेरिकन ॲम्प आणणार असाल तर तो १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे त्याला व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. चांगल्या माणसाकडून आतली वायरिंग तपासून घेतल्याशिवाय लावू नका. जर्मेनियमचंही उष्णतेशी वैर आहे. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती वाढते आणि बायस (ट्रान्झिस्टरचं ठरवून दिलेलं व्होल्टेज) सरकतो. पुण्यात मे महिन्यात एकदा सकाळी अकराला घेतलेला सुंदर टेक दुपारी तीनला दुरुस्त करायला बसलो, तर तेच पेडल, तोच ॲम्प, आणि स्वर भकभकत तुटायला लागले. पेडल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं, तेव्हा सकाळचा आवाज परत आला आणि एक टेक मिळाला. तेव्हापासून मी बाहेरून फिरवता येणारा बायस नॉब असलेलाच जर्मेनियम फझ घ्या असं सांगतो. नागपूर-अकोल्याकडे उघड्या मैदानात वाजवणाऱ्याला तर सरळ सिलिकॉनच घ्या म्हणतो, मग ॲम्प मार्शल का असेना. मी स्वतः एप्रिलपासून पेडलबोर्डावर सिलिकॉन ठेवतो आणि जर्मेनियम पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की बाहेर काढतो.