सिनेमा-मालिका बघायची दोन रकान्यांची वही: नऊ महिने वापरून आलेला अनुभव

मागच्या दिवाळीपासून मी एक वही वापरायलोय, तिच्याबद्दल लिहीन लिहीन म्हणता नऊ महिने झाले, आता दुसरी वही संपत आली तेव्हा लिहूनच टाकतो. ॲप नाही, कोर्स नाही, साधं दोनशे पानी लाँगबुक आहे. प्रत्येक पानावर एक उभी रेघ मारायची, डावीकडं लिहायचं सिनेमात किंवा मालिकेत काय खटकलं, उजवीकडं लिहायचं मी असतो तर काय केलं असतं. बस.

माझं परभणी जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तार नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे, सिनेमाशी संबंध बघण्यापुरता. दिवाळीत हप्त्यावर ४३ इंची टीव्ही घेतला, पोरीनं ओटीटी चालू करून दिलं, आणि रोज काही ना काही बघणं सुरू झालं. पण सिनेमा संपला की "फालतू" नाहीतर "लै भारी" यापुढं माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. पोरगी अकरावीला आहे, ती एक दिवस म्हणली, पप्पा, गिऱ्हाईक मोटर टाकून नुसतं "खराब झाली" म्हणलं तर तुम्ही त्याला दहा प्रश्न विचारता, मग सिनेमाला कामून विचारत नाही? दुसऱ्या दिवशी वही आणली.

पहिले दोन महिने वहीचा काहीच उपयोग झाला नाही हे आधी सांगतो, म्हणजे कोणी सुरू करून पंधरा दिवसांत सोडू नये. डावा रकाना गच्च भरायचा आणि उजवा कोरा. आणि डावीकडं काय, तर हिरॉईनचा मेकअप, गाणं उगाच घातलं, व्हिलन ओरडतोच लै, असलं. उजवीकडं कधी लिहिलंच तर "इथं एक मारामारी पाहिजे होती" किंवा "त्याचा एक मित्र दाखवायला पाहिजे होता". म्हणजे बाहेरून सामान आणून टाकायचं. पोरीनं ते वाचलं आणि नियम घालून दिला की बाहेरचं काही आणायचं नाही, सिनेमात जे आधीच आहे, तीच माणसं, त्याच वस्तू, तेच घर, त्यातूनच दुरुस्ती करायची. हा नियम लागला तिथून वही खरी चालायला लागली.

एक मराठी सिनेमा होता, नाव घेत नाही. त्यात शेवटाकडं बाप मरतो, पोरगं खूप रडतं, संगीत पण भरपूर, आणि आम्ही चौघंही कोरडे. डावीकडं मी लिहिलं "ॲक्टिंग कमी पडली". दोन दिवस ते मनातून जाईना, कारण ॲक्टिंग चांगली होती. मग दुकानात एक जळालेली मोटर उघडताना ध्यानात आलं. आमच्या धंद्यात कॉइल, म्हणजे मोटरीतल्या तारेची वेटोळी, बघून कारण वाचता येतं. शेतीच्या मोटरीला लाईट तीन तारांतून येते, त्यातल्या एकेकीला फेज म्हणतात. स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एका जागी जोडलेल्या मोटरीत दोन फेजचे कॉइल काळे ठिक्कर आणि तिसऱ्याचे नव्यासारखे असले तर समजायचं एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली. सगळे सारखेच काळे असले तर लोड जास्त होता, नाहीतर व्होल्टेज कमी. म्हणजे जळालं वाइंडिंग पण बिघाड तिथला नाही, बिघाड डीपीवर, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर, नाहीतर बोअरमधी. नुसतं वाइंडिंग भरून दिलं आणि कारण सांगितलं नाही तर महिन्याभरात तीच मोटर परत दारात.

तर मी तो सिनेमा पहिल्यापासून परत लावला. पहिल्या अर्ध्या तासात बाप आणि पोरगं एकाही गोष्टीला मिळून हात लावत नाहीत. बाप बोलतो, पोरगं ऐकतं, संपलं. एक सीन आहे ज्यात बाप सायकलची चेन बसवतो आणि पोरगं दाराला टेकून उभं राहतं. उजव्या रकान्यात मी लिहिलं, पोराला दारातून काढा आणि सायकलचं मागचं चाक धरायला लावा, बापाच्या हातचं काळं वंगण त्याच्या शर्टाला लागू द्या, आणि शेवटी बाप गेल्यावर त्याला रडवू नका, नुसता तो शर्ट दाखवा. नवीन माणूस नाही, नवीन जागा नाही, खर्च शून्य. बायकोनं वाचलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

तेव्हापासून डाव्या रकान्यात आम्ही दोन ओळी लिहितो, कुठं खटकलं ती एक आणि कुठून बिघडलं ती दुसरी. दोन्ही एकाच जागी असल्याचं वहीत क्वचितच सापडतं.

डावा रकाना चुकतो पण. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) आम्ही जानेवारीत बघितला. केस चालत राहते, मग उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, दिवे मालवतात, खोलीत अंधार. मी म्हणलं संपला, पण सिनेमा पुढं चालूच, आता जज साहेब कुटुंबासोबत रिसॉर्टला गेलेले. मी ठामपणे लिहिलं, "अंधारावर संपवायला पाहिजे होता, पुढचं कापा." एप्रिलमधी परत बघितला तेव्हा दिसलं की हा सिनेमा सगळ्यांच्या घरी जाऊन आलाय. वकील दुकानात खरेदी करतो ते दाखवलं, सरकारी वकील बाई संध्याकाळी घरी जाऊन काय करतात ते दाखवलं, राहिला होता फक्त जज. तो कोर्टाबाहेर कसा आहे ते बघितल्याशिवाय न्याय कोणाच्या हातात आहे ते कळतच नाही, आणि बाकावर डुलकी घेणारा हा जज पोरांनी ओरडून उठवलं म्हणून एका लेकराला थापड मारतो तिथं सगळं कळतं. मी जे कापा म्हणलो होतो त्याच्यावरच तर सिनेमा उभा होता. ती ओळ खोडली नाही, खाली तारीख टाकून दुसरं मत लिहिलं. वहीचा मला सगळ्यात जास्त फायदा झालाय तो इथं.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'चा (२०१३) शेवट बदलून बघायचा म्हणून मी आणि पोरीनं एक अख्खा रविवार घालवला, जमलं नाही. कारण त्यातल्या पोराच्या, जब्याच्या, हातात पहिल्यापासून गलोल आहे, तो मागं लागलेली काळी चिमणी आहे, नेम धरणं आहे, शेवटी त्यानं भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो तो बाहेरून आणलेला नाही. पोरीचा नियम त्या सिनेमानं आधीच पाळलेला होता.

आता मालिका. यात आमच्या घरात माझ्यापेक्षा बायको तयार आहे. वहीत तिचं अक्षर आलंय ते मालिकांच्या पानांवरच. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती सोडल्या तर साधारण २२ मिनिटं उरतात, आठवड्यातून सहा-सहा दिवस एपिसोड, दर गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा पडला की गोष्टीचं तोंड फिरवतात. आधी मी याला नुसत्या शिव्या घालायचो. वही लिहिताना एक गोष्ट समजली की सिनेमावाल्याला शेवट बिघडला तर लिहितानाच मागं जाऊन सुरुवात दुरुस्त करता येते, मालिकावाल्याला नाही येत, त्याची सुरुवात सहा महिन्यांमागं प्रसारित होऊन गेलेली असते. म्हणून तो बाहेरून सामान आणतो, जुळी बहीण, स्मृती गेलेला नवरा, ॲक्सिडेंट. त्याच्याकडं दुसरा रस्ता आहे पण. जे दाखवून झालंय आणि लोक विसरलेत त्यातलंच काहीतरी उचलायचं.

साडेसातच्या एका मालिकेत खाष्ट सासू एका आठवड्यात एकदम मायाळू झाली, कारण काय तर तिला देवळात रडू आलं. बायको म्हणली, अहो, गेल्या वर्षी हिनं पाटल्या गहाण ठेवल्या होत्या आणि ती पावती तांदळाच्या डब्यात लपवली होती, ते कुठं गेलं? मला तर आठवत पण नव्हतं. तिनं उजव्या रकान्यात लिहिलं की ती पावती सुनेला सापडू द्या, मग सुनेला कळेल की आपल्या नवऱ्याच्या फीसाठी हिनं अंगावरचं सोनं दिलं आणि कोणाला बोलली नाही. सासू बदलायचीच गरज नाही, ती आहे तशी खाष्ट राहू द्या, आपण तिच्याकडं बघणं बदलतो.

मी त्यात हिचकॉकची, थरारपटांच्या इंग्रज दिग्दर्शकाची, भर घातली. त्यानं त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला सांगितलेली टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट पोरीनं मला वाचून दाखवली होती, बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंद धक्का बसतो, पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील तर १५ मिनिटं जीव टांगणीला राहतो. आमच्या मालिका उलटं करतात, प्रेक्षकापासून लपवतात आणि मग तीनदा कॅमेरा गरागरा फिरवून तोंडं दाखवतात. मी लिहिलं, पावती डब्यात आहे हे सोमवारीच दाखवा, आणि आठवडाभर सून रोज त्याच डब्यातून तांदूळ काढू द्या. तांदूळ रोज कमी होणार, पावती वर येणार. यात कोणालाच ओरडायची गरज नाही.

ज्याच्यासाठी खरं हे सगळं लिहायलोय ते आता. आमचा मराठवाडा पडद्यावर आला की वहीचा डावा रकाना मला पुरत नाही. पहिलं म्हणजे बोली. लातूरचं पात्र दाखवतात आणि त्याच्या तोंडी कोल्हापूर-साताऱ्याचं बोलणं, "लका" आणि "रं" लावलं की झालं गावरान. आमच्याकडं माणूस "करायलाय, जायलाय, बोलायलेत" म्हणतो, देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचा वास येतो, उदगीर-निलंग्याकडं कन्नडचा, संभाजीनगरात दखनीचा, म्हणजे इकडच्या उर्दूचा, आणि निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं तरी उर्दू शब्द अजून घरात आहेत. ही बोली रंगमंचावर चालते हे लक्ष्मण देशपांडे सरांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं करून दाखवलंय, ५२ पात्रं, आणि लोक पोट धरून हसले तरी त्यातल्या एकाही माणसाची किंमत कमी झाली नाही. सिनेमात मात्र ही बोली नोकराला, हवालदाराला, बावळट मामाला. माझी दुरुस्ती एवढीच की तीच वाक्यं ठेवा, फक्त बोली डॉक्टरीण बाईला द्या आणि तिला गंभीर बोलू द्या.

दुसरं दुष्काळ. भेगा पडलेली जमीन, वर बघणारा म्हातारा, घार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, तेव्हाच्या बातम्यांत पण हेच चित्र. दुष्काळ मी माझ्या दुकानातून बघितलाय. दुष्काळात माझं काम वाढतं. पाणबुडी मोटर भोवतीच्या पाण्यानं थंड राहते, बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी चालली की तापून जळते. शेतकरी भरून नेतो, दोन पाईप वाढवून आणखी खाली सोडतो, परत जळते. एकच माणूस एका उन्हाळ्यात तीनदा तीच मोटर घेऊन आलेला मी बघितलाय, आणि तिसऱ्यांदा मला पैसे घ्यायची लाज वाटली आणि त्याला न देण्याची. आम्ही दोघं त्या मोटरीकडं बघत बसलो, बोललो नाही. हे मी कुठल्याच सिनेमात बघितलेलं नाही.

पाणी देण्याचे सीन तर सगळे सोनेरी उन्हात. शेतीची थ्री फेज लाईट आठ तास, त्यातही पाळी रात्रीची आली की माणूस दीड-दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जातो, डिसेंबरच्या थंडीत, पाय पाण्यात, साप-रानडुकराची भीती, आणि घरी बायको जागी कारण मोटरचा आवाज बंद पडला तर फोन करायचाय. मी दिग्दर्शक असतो तर नवरा-बायकोचं प्रेम दाखवायला गाणं ठेवलं नसतं, हे ठेवलं असतं. अंधार, लांबून येणारा मोटरचा घूं आवाज, तिचे उघडे डोळे. आवाज थांबतो. ती उठून बसते. वहीतलं हे माझं सगळ्यात आवडतं पान आहे.

त्रास काय झाला ते पण सांगतो. सुरुवातीला मी मधीच थांबवून लिहायचो, त्यानं घरच्यांचा सिनेमा नासतो आणि आपलं पण ध्यान तुटतं, म्हणून आता पूर्ण बघायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचं, रात्रभर जे राहिलं तेच खटकलेलं, बाकीचं सोडून द्यायचं. आईला हे अजून पटलेलं नाही, ती म्हणते देवाधर्माचं बघताना तरी वही बाजूला ठेव, तर तेवढं मी पाळतो. आणि पाहुण्यांच्या घरी बघताना तोंड उघडायचं नाही, त्यांनी वही घेतलेली नसते. आधी मी आठवड्याला सहा-सात सिनेमे बघायचो, आता दोन, पण त्यातला एक दुसऱ्यांदा बघितलेला असतो.

कोणाला सुरू करायचं असेल तर रेघ मधोमध मारू नका. मी पहिल्या वहीत मारली होती, दुसरीत डावीकडं चार बोटं जागा ठेवली आणि बाकी सगळं पान उजवीकडं. पेन्सिलनं लिहा पण खोडू नका. तारीख टाका, कारण तीन महिन्यांनी परत वाचायचंय. आणि घरात जो माणूस सिनेमाबद्दल कधीच बोलत नाही त्याला एकदा वही द्या. आमच्याकडं त्या पावतीनंतर साडेसातला वही बायकोच्या हातात असते, मला सकाळी मिळते.