८४९ची एचडीएमआय केबल, सहा महिने आणि पन्नास उठाबशा

मॉनिटरबरोबर आलेली केबल उंदराने खाल्ली, तिथून हे सगळं सुरू झालं. गेल्या वर्षी एप्रिलमधली गोष्ट. टेबलामागे हात घातला तर केबलचं काळं आवरण सोललेलं, आत चंदेरी कागद आणि एक हिरवी वायर बाहेर. तीन वर्षं त्या केबलकडे मी एकदाही बघितलं नव्हतं, म्हणजे ती चांगली असणार, पण हे आत्ता कळतंय. तेव्हा म्हटलं केबल तर केबल, त्यात काय एवढं.

मी घरून मासिकांच्या लेआउटचं काम करते. मॉनिटर २७ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), लॅपटॉपला एचडीएमआय आणि टाइप-सी दोन्ही आहेत, पण त्या टाइप-सीमधून डिस्प्ले निघत नाही (हे सांगितलं नाही तर पहिला प्रश्न तोच येतो). म्हणजे एचडीएमआयशिवाय गत्यंतर नाही.

ऑनलाइन बघितलं तर दीड मीटरची २४९ला आणि पाच मीटरची २९९ला. आता पन्नास रुपयांत साडेतीन मीटर जास्त मिळत असेल तर कोण सोडेल, मी पाच मीटरची मागवली. मॉनिटर ते लॅपटॉप अंतर हातभर. उरलेल्या केबलचं भेंडोळं करून रबरबँड लावला आणि स्वतःवर खूश झाले. लावल्यावर स्क्रीनवर पांढरे ठिपके, काजवे चमकावेत तसे, मग दोन मिनिटांनी नो सिग्नल. भाच्याला फोन केला, तो म्हणाला मावशी रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) ६० वरून ३० कर. केला, ठिपके गेले, पण माउसचा बाण असा अडखळत चालायला लागला की बघवेना. खऱ्या उंदराने केबल खाल्ली आणि शिक्षा टेबलावरच्या उंदराला.

मग भाच्याने दुसरा उपाय काढला, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रंगांचं ४:४:४ (पूर्ण रंग) चं ४:२:० कर आणि परत ६० लाव. चाललं की! पण दुसऱ्या दिवशी एका दिवाळी अंकाच्या नमुना पानावर लाल बारीक अक्षरं बघितली तर कडा फुटलेल्या, स्वस्त कागदावर शाई पसरावी तशा. मी अर्धा तास फाँटला शिव्या घालत होते. ४:२:० मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची जाते पण रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकच, त्यामुळे केबलवरचा भार निम्मा होतो. सिनेमा बघताना काही कळत नाही, अक्षरांचं काम असेल तर लगेच कळतं. ४के ६० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे तोच रिफ्रेश रेट) पूर्ण रंगात पाठवायचं तर जवळजवळ १८ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला १८ अब्ज बिट, लागतात, ३० हर्ट्झला त्याच्या निम्मे. माझी पाच मीटरची पातळ केबल तेवढं पोचवेपर्यंत दमत होती. लांबी वाढली की सिग्नल क्षीण होतो, म्हणजे ते साडेतीन मीटर मला फुकट नाही, उलटे महागात पडले. परत करायची मुदत सात दिवस, माझे नऊ झाले होते.

ती केबल नंतर रागाच्या भरात कटरने कापून बघितली. आत नावाला चंदेरी फॉइल, तारेची जाळी नाहीच, आणि वायरींना फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट चक्क चिकटला! तांब्याला मॅग्नेट चिकटत नाही. म्हणजे आत स्टीलची तार, वर तांब्याचा मुलामा.

जूनमध्ये दुसरी घेतली, ३४९ची, दोन मीटर, वरून कापडी वेणी, दोन्ही टोकं सोनेरी, पाकिटावर मोठ्ठं ८के. आता ४केला ८केची केबल म्हणजे दुप्पट चांगलं असा माझा हिशोब. लावली, ६० हर्ट्झ, पूर्ण रंग, एकदम मस्त. मी लगेच पाच स्टार देऊन टाकले, "पैसा वसूल" असं लिहून. ते पाच स्टार मला आजही टोचतात. सोनेरी टोकाचंही सांगून टाकते, त्याने चित्र जास्त चांगलं दिसत नाही, सोन्याला गंज चढत नाही एवढाच फायदा. सिग्नल डिजिटल आहे, पोचला तर पूर्ण पोचतो, नाही तर ठिपके नाही तर अंधार.

जुलै गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, काही नाही. नोव्हेंबर संपता संपता स्क्रीन मधूनच काळी व्हायला लागली. दोन-तीन सेकंद काळी, मग आपोआप येते. दिवसातून दोनदा, मग पाच-सहादा. मी लिहून ठेवायला लागले कधी होतंय ते. सकाळी चहाला उठले तेव्हा, कुरियर आला तेव्हा, दुपारी जेवायला उठले तेव्हा. यादीकडे बघून नवरा म्हणाला, "अगं, तू उठतेस तेव्हा होतंय." मी म्हटलं काहीतरीच काय. मग त्याच्यासमोर उठले. स्क्रीन काळी! बसले, काही नाही. परत उठले, काळी! सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या दृष्ट काढू का.

खुर्ची नवीन होती, ऑक्टोबरच्या सेलमधली, ती खालून गॅसच्या नळीवर वर-खाली होणारी. पण खुर्चीचा आणि मॉनिटरचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात शिरेना, म्हणून मॉनिटरच्या कंपनीला फोन केला. माणूस आला, व्हिजिटचे ५०० आणि जीएसटी धरून ५९०. त्याला सांगितलं खुर्चीतून उठलं की होतं. तो हसला. त्याला म्हटलं तुम्ही बसून बघा, तर म्हणे नको मॅडम, मी उभाच बरा. मॉनिटर उलटा केला, मागे टॉर्च मारला आणि बोर्ड गेलंय म्हणाला, साडेआठ हजार. केबल बदलून बघू का विचारलं तर म्हणे केबल चालतेय ना, मग केबलला काय झालंय. ५९० घेतले आणि गेला. उभाच बरा काय!

साडेआठ हजार ऐकून मी रात्री शोधायला बसले (खाटेवर बसले, खुर्चीवर नाही). आणि निघालं काय, तर हा प्रकार भरपूर लोकांना झालाय! डिस्प्लेलिंकच्या (यूएसबीवरून मॉनिटर जोडायचं तंत्र बनवणारी कंपनी) सपोर्टच्या पानावर तर सरळ लिहिलंय, गॅसवाल्या खुर्चीवर बसता-उठताना विद्युतचुंबकीय झटका तयार होऊ शकतो, तो व्हिडिओ केबल पकडते आणि स्क्रीनचा सिंक, म्हणजे सिग्नलशी जुळलेला ताल, जातो. मग लॅपटॉप आणि मॉनिटर परत एकमेकांशी बोलणं सुरू करतात, तेच ते दोन-तीन सेकंद. केबलला आत नीट शिल्डिंग असेल, म्हणजे फॉइल आणि त्यावर तारेची जाळी, तर हे सहसा होत नाही. वरची कापडी वेणी ही शिल्डिंग नाही, ती नुसती साडी आहे.

आणि मग माझी ट्यूब पेटली की हे पावसाळ्यात नव्हे, थंडीत का सुरू झालं. हवा कोरडी, अंगात स्वेटर, दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो, तीच स्टॅटिक वीज. म्हणजे मी पाच स्टार दिले ते केबलला नाही, पुण्याच्या पावसाळ्याला दिले.

जानेवारीत मेट्रोने मंडईला उतरून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. आता शहाणी झाले होते. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या काकांना म्हटलं, "काका, दोन मीटर, एचडीएमआय टू पॉइंट वन व्हर्जनची द्या." ते म्हणाले, "केबलला व्हर्जन नसतं ताई, व्हर्जन पोर्टला असतं. केबलचं नाव विचारा." आणि खरंच तसंच आहे. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८, आणि पाकिटावर क्यूआरचं लेबल असतं, ते एचडीएमआयच्या ॲपने स्कॅन करायचं. नुसतं ८के कोणीही छापतं. काकांनी प्रीमियमवालं पाकीट काढलं, ८४९. मी म्हटलं सातशे करा. ते म्हणाले, "आठशे एकोणपन्नासच." मी म्हटलं बरं. दुकानातच स्कॅन केलं, ॲपमध्ये कंपनी आणि लांबी आली, पाकिटावरच्याशी जुळली. काका तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते.

घरी येऊन लावली आणि स्वेटर घालून उठाबशा काढल्या. थट्टा नाही, पन्नास! नवरा मोजत होता. पंचविसाव्याला गुडघा कुरकुरला पण स्क्रीन हलली नाही. मग जुनी ३४९ची परत लावली, तिसऱ्याच उठण्याला काळी. परत नवीन लावली, परत वीस. सासूबाईंनी या वेळी दृष्टीचं विचारलं नाही, मीठ-मोहऱ्या थेट घेऊनच आल्या. पूर्ण जानेवारी, फेब्रुवारी, कोरडा मार्च, एकदाही नाही.

इथपर्यंत मेमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पाच स्टार देणार होते, तेवढ्यात एका दुपारी स्क्रीन काळी झाली आणि मी चक्क रडकुंडीला आले. पण तेव्हा मी उठले नव्हते, राउटरचेही दिवे जाऊन आले होते, म्हणजे लाइट गचकली होती. तो दोष केबलचा धरत नाही.

पण स्टार चारच देतेय, कारण ही केबल कडक आहे. कडक म्हणजे गज! शिल्डिंग आहे म्हणून जाड आहे, जाड आहे म्हणून वळत नाही, हे मला कळतं, पण माझ्या मॉनिटरचं पोर्ट खालच्या बाजूला आहे, केबल टेबलाला टेकते आणि मॉनिटरला हळूहळू डावीकडे वळवते. सकाळी सरळ केलेला मॉनिटर संध्याकाळी खिडकीकडे बघत असतो. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं लागलं, त्या फटीत पेनं पडतात, आणि उंदराला राजमार्ग. एल आकाराचं टोक लावायला सांगू नका, मध्ये आणखी एक जोड म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. उन्हाळ्यात आवरण जरा मऊ पडलं होतं, जुलैत परत ताठ. मॉनिटरच्या स्टँडखाली दुमडलेला पुठ्ठा ठेवलाय, त्याने थोडं सरळ राहतं.

खर्च मांडते, कारण नवऱ्याने मांडलाच आहे. २९९, ३४९, ५९०, ८४९, एकूण २०८७ रुपये, मेट्रो सोडून. पहिल्याच दिवशी काकांकडे गेले असते तर ८४९.

४के ६० हर्ट्झवर काम असेल, अंतर दोन मीटरच्या आत असेल तर ही बिनधास्त घ्या, लेबल स्कॅन करून घ्या. नुसता फुल एचडी टीव्ही असेल तर एवढी गरज नाही, त्याला साधी चांगली केबल पुरते. ती ३४९ची मी टाकली नाहीये, बाबांच्या खोलीतल्या सेट टॉप बॉक्सला लावलीय. सहा महिने झाले, एकदाही काळी झाली नाही. बाबांची खुर्ची लाकडी आहे.