'हर्बल' पाकीट: पाला नावाला, काम रसायनाचं

पाकीट चकचकीत. वर 'नैसर्गिक वनस्पतींचं मिश्रण' आणि बारीक अक्षरांत 'मानवी सेवनासाठी नाही'. यातली दुसरी ओळ तेवढी खरी. आतला वाळका पाला नुसता वाहक आहे. नशा येते ती त्यावर फवारलेल्या कृत्रिम कॅनाबिनॉइडची, म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्य मेंदूत जिथे बसतं तिथेच बसणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनाची. २००८च्या डिसेंबरात जर्मनीत 'स्पाइस' नावाचं असंच पाकीट तपासलं, तेव्हा त्यात जेडब्ल्यूएच-०१८ हे असं एक रसायन सापडलं. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत ते रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवर रसायन जिथे बसून परिणाम करतं त्या जागेच्या, अभ्यासासाठी बनलं होतं.

'गांजासारखंच' हा विक्रेत्यांचा दावा इथेच कोसळतो. गांजातलं नशेचं द्रव्य टीएचसी आणि जेडब्ल्यूएच-०१८ ही दोन्ही रसायनं मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरवरच बसतात, पण पकड वेगळी आणि दाबही वेगळा. पकड नॅनोमोलर या द्रावणातल्या अगदी कमी प्रमाणाच्या एककात मोजतात, आकडा लहान तितकी ती घट्ट: टीएचसीचा सुमारे ४१, जेडब्ल्यूएच-०१८चा सुमारे ९. दाबातला फरक जास्त घातक. सीबी-१ म्हणजे चेतापेशीच्या टोकाला बसवलेला ब्रेक. तो दाबला की पेशी संदेशवाहक रसायन कमी सोडते. टीएचसीनं सगळे रिसेप्टर व्यापले तरी ब्रेक अर्धामुर्धाच लागतो. जेडब्ल्यूएच-०१८ तो तळापर्यंत दाबतं. यकृतानं त्याची मोडतोड केल्यावर उरणारे काही तुकडेसुद्धा रिसेप्टर चालू करतात.

हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागात हे रिसेप्टर दाट, म्हणून स्मरण गडबडतं. लहान मेंदूतही भरपूर, म्हणून तोल जातो. गाबा सोडणाऱ्या, म्हणजे मेंदू शांत ठेवणाऱ्या पेशींवरही ते असतात. त्या पेशीच गप्प झाल्या की उत्तेजन मोकाट सुटतं. फिट येण्यामागचं हे एक स्पष्टीकरण. सोबत छातीत धडधड, उलट्या, भ्रम.

एकसारखेपणात तर माल साफ नापास. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. एकाच पाकिटातली एक चिमूट फिकी, दुसरी थेट दवाखान्यात नेणारी. छाप तीच ठेवून आतलं रसायन बदललेलं असतं, तेही बाहेरून कळत नाही.

लघवीच्या नेहमीच्या गांजा-चाचणीत हे सहसा दिसत नाही, त्यामुळे 'निगेटिव्ह' अहवालावर विसंबू नये. यावर उतारा नाही. अफूवर्गीय औषधांवर चालणारं नॅलॉक्सोन या रिसेप्टरवर काम करत नाही. फिट आणि अस्वस्थतेला डॉक्टर बेंझोडायझेपिन गटातलं शामक औषध देतात, सलाइन लावतात, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. कोणी बेशुद्ध पडलं तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. आणि पाकीट फेकू नका. छापील नावाचा डॉक्टरांना फारसा उपयोग नाही, पण उरलेला चुरा प्रयोगशाळेला लागतो.