संचार साथी : फसव्या फोनपुढे कितपत कामाचं?

“तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय, त्यावरून गैरप्रकार झालेत, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील. माहितीसाठी ९ दाबा.” ट्रायच्या (दूरसंचार क्षेत्राच्या सरकारी नियामकाच्या) नावाने येणाऱ्या या रेकॉर्डेड कॉलची सगळी मदार पहिल्या वाक्यावर असते, कारण ते खरं की खोटं हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. ९ दाबलं की आधी ‘अधिकारी’ येतो, मग व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओवर गणवेशातला ‘पोलीस’, आणि शेवटी ‘पडताळणीसाठी’ पैसे वळते करायला लावतात. ट्राय असे फोन करत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवणारी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही.

दूरसंचार विभागाचं संचार साथी (पोर्टल २०२३ पासून, अ‍ॅप जानेवारी २०२५ पासून, मराठीतही) ठेवावं ते या पहिल्या वाक्यासाठी. फोन आधी कापा. मग तुमच्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते दाखवणारी सुविधा उघडा, नंबर टाका, ओटीपी भरा, यादी समोर. ओळखीचं नसलेलं कनेक्शन दिसलं तर ‘माझा नंबर नाही’ निवडायचं. जुना, आता नको असलेला नंबर असेल तर ‘गरज नाही’. विनंती क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढे काय झालं ते त्यावरून कळतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची सिमं एकाच्याच नावावर असली की यादी लांबते आणि माणूस उगाच घाबरतो. आपण होऊन वर्षातून दोनदा पाहावी अशी ही एकच सोय आहे. कोणी फोनवर असताना मात्र हे करू नका. आलेला ओटीपी तोच मागून घेईल.

‘चक्षु’ (मार्च २०२४) हा संचार साथीचा दुसरा भाग, फसव्या कॉल-मेसेजची तक्रार करण्यासाठी. कॉल, एसएमएस की व्हॉट्सअ‍ॅप ते निवडायचं, मग प्रकार (केवायसी, सरकारी अधिकाऱ्याचं सोंग, नोकरी-लॉटरी वगैरे), नंबर, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट. तक्रार झालेल्या नंबरची फेरपडताळणी होते, त्यात नापास झाला तर तो बंद होतो. तुमच्या तक्रारीचं उत्तर म्हणून कोणी फोन करणार नाही. पाच मिनिटांचं हे काम पुढच्या माणसासाठी आहे, एवढं समजून करावं.

खरी गडबड इथेच होते. पैसे गेलेले लोकही चक्षुवर तक्रार टाकून निर्धास्त बसतात. पैसे गेले असतील तर चक्षु नाही, १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. फोन लावण्याआधी बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि यूपीआय असेल तर १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) समोर ठेवा. या क्रमांकावरूनच पैसा कुठल्या खात्यात गेला ते शोधून पुढचं खातं गोठवायचं असतं, आणि तो पैसा मिनिटामिनिटाला खाती बदलत असतो. मिळालेल्या पोचपावती क्रमांकावरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. बँकेलाही लगेच कळवा: रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

कॉल चालू असताना संचार साथी काही अडवत नाही. तिथे नंबरच बघायचा. बँकांनी व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० वरून करायचे असा नियम आहे. दहा आकडी साध्या मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका. ट्रूकॉलरवर दिसणाऱ्या नावावरही विसंबू नका, तिथली बरीच नावं वापरणाऱ्यांनीच दिलेली असतात.

अँड्रॉइडवर हे अ‍ॅप कॉल-एसएमएसच्या नोंदी, फोटो, कॅमेरा अशा बऱ्याच परवानग्या मागतं. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या फोनमध्ये ते सक्तीने घालण्याचा आदेश गदारोळानंतर मागे घ्यावा लागला, त्यात हाही मुद्दा होता. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बिनदिक्कत वेबसाइट वापरावी. सिमची यादी आणि चक्षु दोन्ही तिथे आहेत. अ‍ॅप हवंच असेल तर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘संचार साथी’ नावाची एपीके फाइल (स्टोअरला वगळून थेट अ‍ॅप बसवणारी) कोणी पाठवली, तर ती चक्षुवर टाकण्याजोगी तक्रार आहे.