हवेची गादी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

ताईच्या अंथरुणातील हवेच्या गादीचा पंप ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी बंद पडला आणि विक्रेत्याने ‘व्होल्टेजमुळे बिघडलेले वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून फोन ठेवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. तिच्या पायांतील शक्ती गेली आहे आणि कमरेखाली स्पर्श जवळजवळ कळत नाही.

गादीच्या नळ्यांचे दोन गट आळीपाळीने फुगतात, म्हणजे अंगाच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही, हे अशी गादी शोधणाऱ्यांना ठाऊक असतेच. पहिल्या दोन महिन्यांत मी तिला पूर्ण गुण दिले असते. माकडहाडावर एक लाल डाग आला होता आणि बोटाने दाबूनही तो पांढरा पडत नव्हता. शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. दर दोन तासांनी कूस बदलणे आम्ही सोडले नाही, त्याला गादीची जोड मिळाली आणि डाग हळूहळू फिका होत गेला. पंपाची घरघर वगळता तक्रार नव्हती. बाजेवर मात्र ही गादी मध्ये झोळ पडून निकामी ठरते, तिला सपाट फळ्यांचा पलंगच लागतो.

माझे मत बदलले ते मे महिन्यात. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. तिथे दुपारी वादळवारा सुटला की लाईन जाते आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. लाईन गेली की या पंपातून हवा उलटी निघू लागते, अर्ध्या-पाऊण तासात गादी बसते आणि रुग्ण थेट फळ्यांवर येतो. धडधाकट माणूस कुरकुर करून उठेल. ताईला ते कळतच नाही. पंपाला ना शिट्टी, ना हवा अडवणारी झडप. ज्याला टोचल्याचे जाणवत नाही अशाच माणसासाठी बनवलेल्या वस्तूत एवढी सोय नसावी, याचा मला आजही संताप येतो. त्यातच कूलरही त्याच वेळी बंद पडतो. अंगाचे तापमान थोडे वाढले तरी या आजारात लक्षणे तात्पुरती बळावतात (विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच हे नोंदवले होते). गादीचे प्लास्टिक पाठीला घाम आणते, ओली त्वचा लवकर सोलवटते. त्यामुळे लाईन गेली की ओल्या पंचाने तिचे हातपाय व मान पुसत बसणे आणि दर थोड्या वेळाने गादी चाचपणे, अशी दोन्ही कामे एकदम अंगावर येतात.

चाचपायचे कसे, हे शेजारच्या गावातील निवृत्त सिस्टरांनी शिकवले. त्यांनी तळहात वर करून गादीच्या खाली, बरोबर ताईच्या माकडहाडाखाली सरकवला आणि म्हणाल्या, “भाऊ, हाड हाताला लागते काय ते पाहा. मधात इंचभर तरी हवा पाहिजे.” पंपावरची हवेचा दाब कमी-जास्त करणारी चकती आम्ही शेवटापर्यंत फिरवून ठेवली होती, ती त्यांनी ताईच्या वजनाप्रमाणे मागे घेतली, कारण टणक फुगलेली गादी साध्या गादीपेक्षा वाईट. वर घातलेली जाड गोधडीही काढायला लावली, एकच सुती चादर ठेवली. टाचांसाठी मात्र गादी पुरत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या लागतात.

आता पंपाविषयी. विक्रेता नव्या पंपाचे अठराशे रुपये मागत होता. तालुक्याच्या मोटार दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडला तेव्हा आतला रबरी पडदा चिरलेला निघाला. व्होल्टेजने काही जळलेले नव्हते. दीडशे रुपयांत काम झाले. पंप वीज अगदी कमी खातो, म्हणून आता तो घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर घेतला आहे आणि लाईन गेली तरी गादी फुगलेली राहते. या एका बदलानंतर मी पुन्हा गादीच्या बाजूचा झालो आहे, विक्रेत्याच्या नाही.

विकत घेणाऱ्यांनी दुकानातच गादी पूर्ण फुगवून घ्यावी, तीवर कुणाला तरी झोपवावे, पंपाची पिन काढावी आणि अर्धा तास तिथेच थांबावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.