विंडोज ११ प्रो (२४एच२): टॅलीचा फोल्डर शेअर करणाऱ्यांसाठी कसं आहे?

जळगावची दालमिल असो की रावेरची केळीची पेढी, मांडणी एकच: मुनीमजींच्या (म्हणजे मुख्य) कॉम्प्युटरवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, बाकीचे दोन-तीन कॉम्प्युटर नेटवर्कवरून तोच फोल्डर उघडतात. विंडोज १० वर हे बहुतेक ठिकाणी पासवर्डाशिवाय चालायचं. २०२४च्या ऑक्टोबरात आलेल्या २४एच२ या विंडोज ११च्या अपडेटने तो रस्ता बंद केला. प्रो आवृत्ती आता पाहुणा (गेस्ट, म्हणजे नाव-पासवर्ड न देता) म्हणून जोडणी करत नाही आणि प्रत्येक जोडणीला डिजिटल सही (साइनिंग) मागते. पाहुण्याला सही करता येत नाही. निर्णय योग्यच आहे. पण स्क्रीनवर ‘संस्थेच्या सुरक्षा धोरणा’चा संदेश येतो, त्यावरून दुकानदाराला काय करायचं ते कळत नाही. हा मोठा दोष.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने मुख्य कॉम्प्युटरचा पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, तपासा. नुसत्या पिंगवर (कॉम्प्युटर उत्तर देतो का, ही साधी चाचणी) विसंबू नका, फायरवॉल (नको त्या जोडण्या रोखणारी सोय) पिंग अडवू शकते. पोर्ट बंद असेल तर बहुधा मुख्य कॉम्प्युटरचं नेटवर्क ‘पब्लिक’वर (शेअरिंग अडवणारा प्रकार) गेलेलं असतं, नाहीतर मागच्या गोडाऊनमधल्या दुसऱ्या राउटरने वेगळीच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मालिका दिलेली असते. लाइट जाऊन आल्यावर आयपी बदलत असेल, तर राउटरमध्ये तो पक्का करा.

पोर्ट उघडा असेल तर अडचण बहुधा लॉगिनची. मुख्य कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेलं एक लोकल खातं बनवा. फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्याला ‘चेंज’ आणि सिक्युरिटीमध्ये ‘मॉडिफाय’ द्या. दोन्ही हवेत, नाहीतर टॅली उघडेल पण नोंद सेव्ह होणार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवते ती जागा) मुख्य कॉम्प्युटरचं नाव किंवा आयपी आणि त्या खात्याचं नाव-पासवर्ड भरा. पिन चालत नाही, कोरा पासवर्डही नाही. तिथे आयपी लिहिला असेल तर फोल्डरही आयपीनेच उघडा, नाहीतर पासवर्ड पुन्हा मागेल.

काही मेकॅनिक दहा मिनिटांत काम उरकायला फायरवॉल बंद करतात आणि एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करतात. तसं करू देऊ नका: २०१७चा वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या एसएमबीच्या भोकातून पसरला होता. जुन्या झेरॉक्स मशीनला स्कॅनसाठी एसएमबी १च लागत असेल, तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या.

विंडोज ११ प्रोवर एका वेळी २० जोडण्याच चालतात. मोठ्या जिनिंगला त्यापेक्षा जास्त लागत असतील तर विंडोज सर्व्हर घ्यावं लागेल.