कमरेत उसण भरली आणि "नस ब्लॉक आहे" सांगून 24 हजार घेतले

सोलापूरकरांनो, आणि बाकीच्यांनी पण जरा वाचा, आमच्या अण्णांसोबत झालं ते अजून कुणाच्या घरात होऊ नये म्हणून लिहितेय. अण्णांचं चादरीचं दुकान आहे, गठ्ठा उचलताना कमरेत उसण भरली, वाकता येईना की कुशीवर वळता येईना. ओळखीतल्या एकांनी ॲक्युपंक्चरचं, म्हणजे सुया टोचून उपचार करणारं क्लिनिक सांगितलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

आत गेल्यावर समोरच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा मोठा फोटो. आपल्या गावचा माणूस, 1938 ला चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि 1942 ला तिथेच वारला, त्यामुळे सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसाचा विश्वास फोटो बघूनच बसतो. या माणसाच्या नावावर असा धंदा करतात याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मग अण्णांच्या हातात धातूची दांडी दिली, वायर लॅपटॉपला जोडलेली, मिनिटभरात रंगीत प्रिंट, "कमरेची नस 70 टक्के ब्लॉक". अहो असल्या दांडीने नस दिसतच नाही, डॉक्टर हातापायाची ताकद, संवेदना तपासतात आणि गरज वाटली तर एमआरआय सांगतात. पण "आज सुरू केलं नाही तर पाय लुळा पडेल" असं म्हटल्यावर दुखण्याने कळवळणारा माणूस काय करणार? 20 सिटिंगचं पॅकेज, 24 हजार, सगळे आधी, आज भरले तर सूट, आणि "कायमचं बरं" ची गॅरंटी. पावती म्हणजे कोरा कागद, त्यावर ना रजिस्ट्रेशन नंबर ना सही.

सुयांसोबत पुड्या दिल्या, नाव नाही काही नाही, "जडीबुटी" म्हणे. दुखणं लगेच कमी झालं म्हणून सगळे खूश, पण अण्णांना डायबेटिस आहे आणि शुगर एकदम 300 च्या वर गेली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पुड्या आधी बंद करायला लावल्या, म्हणाले अशा बिननावाच्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. कंबर तपासून म्हणाले नस वगैरे काही नाही, स्नायू आखडलाय, असलं दुखणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप कमी होतं, झोपून न राहता हळूहळू चालत राहा. तसंच झालं.

ॲक्युपंक्चरच खोटं असं मी म्हणत नाहीये. जर्मनीत 2007 ला जुन्या कंबरदुखीच्या हजारावर पेशंटवर अभ्यास झाला, त्यात नीट जागी सुया लावलेल्यांपैकी जवळपास 48 टक्क्यांना फरक पडला, नेहमीच्या उपचाराने 27 टक्क्यांना. पण मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी पण 44 टक्क्यांना पडला! मग गॅरंटी कुठल्या तोंडाने देतात हे लोक?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे, त्यामुळे रजिस्ट्रेशन नंबर आधी विचारा, आणि सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. कंबरदुखीसोबत लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर सुया-मसाज काही न बघता सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

उरलेल्या सिटिंगचे पैसे मागितले तर "नॉन रिफंडेबल" म्हणून हाकलून दिलं. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, आता ग्राहक आयोगात जातोय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तो कोरा कागद, मशीनची प्रिंट आणि उरलेल्या पुड्या तिन्ही जपून ठेवलंय, तुमच्याकडे असं काही असेल तर फेकू नका.